मिरनाची जागा

३ ऑक्टोबर, सोमवार

गॉर्डनने सकाळी काउंटीच्या समाजकल्याण खात्यातल्या आम्हा सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. टेबलावर डोनट. तेव्हाच ओळखलं — आमचा साहेब स्वतःच्या खिशातून डोनट आणतो म्हणजे बातमी वाईट!

राज्याने पुढच्या वर्षासाठी हात आखडता घेतलाय. काउंटीला कर वाढवायला बंदी. केंद्राकडून येतात ते पैसे ज्या कामाला आले त्याच कामाला लावायचे. उरतो काउंटीचा स्वतःचा वाटा, कात्री लागणार ती त्यालाच. गॉर्डनने फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला कायद्याने करावीच लागतात ती कामं — मुलांवर अत्याचार झाला तर चौकशी, मूल घरातून काढणं, निराधार म्हाताऱ्यांना पालक नेमणं, वेड्यापिशांना इस्पितळात पोचवणं. दुसऱ्या बाजूला आपण आपखुशीने करतो ती. त्या बाजूला सगळ्यात वर, घरोघरी जाऊन मुलं सांभाळणाऱ्या मिरनाची जागा.

मिरना माझ्या शेजारीच बसली होती. साखर लागलेली बोटं पुसत म्हणाली, "माझं नाव बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात काढलंस रे, गॉर्डन. आभारी आहे."



५ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे मिरनाबरोबर डॅनेल हुबरच्या घरी गेले. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणजे काउंटी बोर्डापुढे ठामपणे सांगता येईल.

डॅनेल चीजच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पाळी पहाटे चारला सुरू. त्या वेळी उघडं असणारं पाळणाघर या गावात तर नाहीच, अख्ख्या काउंटीत नाही. तिच्या मुलीचा, पायपरचा, बाप कुठे आहे ते त्यालाच माहीत. डॅनेलची आई वारली, बहीण अलास्कात. मध्ये नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली होती. तेव्हापासून तिची फाईल माझ्याकडे. त्यातून बाहेर आली, वर्ष उलटून गेलं. सोपं नसतं ते! गाडीचा हीटर बिघडलाय, म्हणून ब्लँकेट गुंडाळून गाडी चालवते. मिरनाला दारात बघताच म्हणाली, "रात्री खोकत होती. औषध टेबलावर आहे. आणि आज लायब्ररीचं पुस्तक द्यायचंय." आणि पळालीच.

मग मिरना खुर्चीत विणत बसते. काही घडत नाही. घर शांत झोपलेलं असतं.

उजाडायच्या सुमाराला पायपर उठून आली. पहिलीत आहे, पुढचे दात पडलेत. मला बघून तोंड वाकडं केलं. "ही कोण?"

"ही माझी साहेब," मिरना म्हणाली.

"मग तू का पॅनकेक करतेस? तिला सांग ना!"

केले मी. करपले. पायपरने करपलेली बाजू खाली करून मुकाट्याने खाल्ले. सभ्य पोरगी आहे.

तिला बसमध्ये चढवून मिरना पुढच्या घरी गेली. काम म्हणाल तर एवढंच. पण एवढ्यावर ते घर उभं आहे.

९ ऑक्टोबर, रविवार

क्लेटसकडे जेवायला. दर रविवारी असतेच, पण आज मुद्दाम बोलायचं ठरवून गेले. माझा थोरला भाऊ चौथ्यांदा काउंटी बोर्डावर निवडून आलाय. खर्चाच्या समितीत त्याचाच शब्द चालतो.

आधी मॅच संपू दिली. मग विषय काढला.

"रेनी, रस्त्यावरचा बर्फ काढायला पैसे नाहीत. गेल्या वर्षी एक बर्फगाडी विकली. दुधाला भाव नाही. लोक मला गोठ्यात गाठून विचारतात, कर कमी कधी करणार. त्यांना काय सांगू? एका बाईच्या घरी दुसरी बाई विणकाम करत बसते, त्याचे पैसे देतोय म्हणून?"

"तेवढ्यामुळे ते मूल आईजवळ राहतं, क्लेटस."

"आपल्या आईकडे कुठली मिरना येत होती? ती पण पहाटे उठून गोठ्यात जायची."

"आपल्या घरी आजी होती!"

त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "प्रत्येकाला आजी पुरवणं काउंटीचं काम नाही."

अर्लीनने बटाट्याचं भांडं आमच्या दोघांच्या मधे ठेवलं. म्हणाली, "निवतंय." वहिनीची ही पद्धत. भांडण सुरू झालं की खायला वाढायचं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

बोर्डाची बैठक. कोर्टाच्या इमारतीतली ती थंड खोली. मी बोलले. पाठ करून ठेवलेलं अर्धं विसरले.

मग डॅनेल उठली. मी तिला सांगितलंही नव्हतं! कारखान्याच्या पांढऱ्या बुटांतच आली होती. म्हणाली, "मला फुकट काही नको. मी काम करते. फक्त मी कामावर असताना माझी मुलगी उठली, तर घरात कुणीतरी असावं." एवढंच बोलून बसली.

एका सभासदाने विचारलं, "बाई, दिवसपाळी का घेत नाही?"

"मागितली. दिवसपाळी जुन्या लोकांना मिळते, साहेब."

हात वर करायला सांगितले. क्लेटसने माझ्याकडे बघितलं. नजर चोरली नाही, हे लिहायला हवं. बघितलं आणि कपातीच्या बाजूने हात वर केला. त्याच्यामागे जवळजवळ सगळ्यांनी.

बर्फगाडीला मंजुरी मिळाली.

२० नोव्हेंबर, रविवार

जेवायला गेले नाही. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालाय, सकाळपासून रानातून बंदुकांचे आवाज. संध्याकाळी दार उघडलं तर पायरीवर हरणाच्या मांसाचे सॉसेज, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. चिठ्ठी नाही. क्लेटसची गाडी लांब गेलेली.

फेकून द्यायचे होते. फ्रीजरमध्ये टाकले.

३० डिसेंबर, शुक्रवार

मिरनाचा शेवटचा दिवस. गॉर्डनने पुन्हा डोनट आणले. कुणी खाल्ले नाहीत. सगळ्या घरांना निरोप सांगून आली होती. म्हणाली, पायपरने विचारलं, "तू मरणारेस का?" "नाही गं, नोकरी गेली." "मग ये की तशीच!"

मिरना म्हणाली, "गेलेही असते गं, रेनाटा. पण माझं घरभाडं कोण भरणार?" ती दक्षिणेला मुलाकडे राहायला चाललीय.

मूल उचलून आणणं कायद्याने बंधनकारक. ते उचलावं लागू नये म्हणून काही करणं — ऐच्छिक. नोकरीची इतकी वर्षं गेली, पण हे असं उघडंनागडं आजच दिसलं.

१० जानेवारी, मंगळवार

डॅनेलने सोय लावलीय. वरच्या मजल्यावरची बाई सहाला खाली येऊन पायपरला उठवते, बसमध्ये बसवते. पण चार ते सहा? "झोपलेली असते हो ती. बाहेरून कुलूप लावत नाही मी, आग लागली तर? दार नुसतं ओढून घेते."

कायद्याने मी तिथल्या तिथे नोंद करायला हवी. नोंद केली तर पुढे काय, ते मला माहीत आहे. म्हणाले, "दुसरं काही जमतंय का बघ, लवकर." "बघते," म्हणाली. दोघींनाही माहीत होतं, दुसरं काही नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

देवा.

लिहायला हवं, नाहीतर झोप लागणार नाही.

वरची बाई तापाने पडली होती, खाली आलीच नाही. पायपर आपली आपण उठली. उजाडलंय, बस चुकेल, म्हणून कोट चढवला, दप्तर घेतलं, बाहेर आली. दार मागे ओढलं गेलं — आपोआप बंद होणारं कुलूप. हातमोजे आत. आणि बस यायचीच नव्हती! थंडी इतकी की शाळा दोन तास उशिरा भरणार म्हणून रेडिओवर सांगत होते. त्या पोरीला कोण सांगणार? ती बसथांब्याच्या खांबापाशी उभी राहिली. शहाण्यासारखी. जागा सोडायची नाही असं मिरनाने शिकवलं होतं ना.

बर्फगाडीच्या चालकाला दिसली. त्याने तिला उचलून केबिनमध्ये घेतलं, स्वतःच्या शर्टाच्या आत तिचे हात धरले. तो मोठा बाप्या इस्पितळात माझ्यासमोर रडत होता. "तिने मला विचारलं, तुम्ही बसवाले का?"

डाव्या हाताची दोन बोटं गोठलीत. डॉक्टर म्हणतात, किती वाचतंय ते कळायला वेळ लागेल.

डॅनेल कारखान्याची जाळीची टोपी घालूनच आली. पलंगाशी गुडघ्यांवर बसली. माझ्याकडे बघितलं. एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

२० जानेवारी, शुक्रवार

मूल ताब्यात घेण्याच्या कागदावर माझी सही. माझीच, दुसऱ्या कुणाची चालत नाही.

अशी काढून आणलेली मुलं सांभाळणारं एकही पालनघर काउंटीत रिकामं नाही. जवळचं म्हटलं तर तीन तासांवर. आणि मजा बघा — त्या पालनघरासाठी राज्य आणि केंद्र बिनबोभाट पैसे देतात! मिरनाला घरी पाठवायला पडत होते त्याहून जास्त. परक्याच्या घरी ठेवायला पैसे आहेत. आईच्या घरी ठेवायला नाहीत.

गॉर्डनला हे म्हटलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे, रेनाटा." आणि खिडकीबाहेर बघत बसला.

२१ जानेवारी, शनिवार

क्लेटस सकाळी ऑफिसात आला. गोठ्यातल्या कपड्यांत. नोव्हेंबरपासून आम्ही बोललो नव्हतो. बसला नाही.

"चालकाने सांगितलं मला सगळं. अर्लीनचं पालनघराचं लायसन्स अजून चालू आहे. आमची पोरं गेली तशा खोल्या रिकाम्याच आहेत. तिला लांब पाठवू नकोस. आमच्याकडे दे."

मी बोलायचं ते बोलले. सगळं. बाहेरच्या टेबलावरची मुलगी उठून दुसरीकडे गेली, इतकं.

त्याने ऐकून घेतलं. टोपी हातात फिरवत म्हणाला, "मी कर कमी करायला हात वर केला होता, रेनी. पोरीची बोटं तोडायला नाही."

"त्याच हाताने झालं ते."

"हो," म्हणाला. "म्हणून आलोय."

गॉर्डनला सांगितलं, पालनघर माझ्या भावाचं आहे. त्याने कागदावर नोंद केली. "दुसरं घर असेल तर सांग." नव्हतं.

४ फेब्रुवारी, शनिवार

पहिली भेट. ऑफिसातली खेळण्यांची खोली. डॅनेलने सँडविच करून आणलं होतं, कडा कापून, पायपरला लागतं तसं. पायपर आईच्या मांडीवर बसून राहिली, खेळली नाही. जाताना म्हणाली, "मी मोजे घालीन आता. घरी चल." डॅनेल म्हणाली, "हो गं बाळा, तू घालशील मला माहीत आहे."

ती गेल्यावर मी खोलीत एकटीच बसून राहिले.

२२ फेब्रुवारी, बुधवार

एका बोटाचं टोक काढावं लागलं. दुसरं वाचलं.

७ मार्च, बुधवार

डॅनेलची नोकरी गेली. कोर्टाच्या तारखा, भेटी, इस्पितळ — रजा संपल्या, मग बोलणी, मग काढूनच टाकलं. कोर्टाने तिच्यापुढे काय काय ठेवलंय: कायमची नोकरी, राहतं घर, मुलीला सांभाळायची सोय. सोय नव्हती म्हणून मूल गेलं. मूल गेलं म्हणून नोकरी गेली. आता नोकरी नाही म्हणून मूल मिळत नाही.

भीती वाटली, पुन्हा गोळ्यांकडे वळेल. घरी गेले. भांडी घासत होती. आमच्या खात्यातच दर आठवड्याला तिची नशेची तपासणी होते, कायम स्वच्छ. "तुम्ही मला बघायला आलात ना?" म्हणाली. "बघा. कपाटंही बघा हवी तर." मला लाज वाटली.

८ एप्रिल, रविवार, ईस्टर

क्लेटसकडे. पायपर बूट चिखलात माखून पळत आली. "रेनाटा! काल वासरू झालं आणि मी बघितलं! घाण होतं! आणि मग उभं राहिलं!" मला ओढत गोठ्यात नेलं. वासरापुढे हात धरला. "बघ, चाटतं. या बोटाला गुदगुल्या होतात. या बोटाला कळतच नाही." कुणाला नवी चप्पल दाखवावी तशी दाखवली.

क्लेटस लांब उभा राहून बघत होता. इतका म्हातारा कधी दिसायला लागला?

अर्लीनने तिच्यासाठी फ्रॉक शिवलाय. जेवताना पायपर अर्लीनच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. छान चाललंय. सगळं इतकं छान चाललंय की मी ताट अर्धं टाकून उठले.

२८ एप्रिल, शनिवार

डॅनेलला काम मिळालं! वृद्धाश्रमात धुलाईखात्यात. दुपारची पाळी, रात्री सुटते. पगार आधीपेक्षा कमी. पण शाळेनंतर चर्चच्या तळघरात मुलं सांभाळतात, तिथली बाई उशिरापर्यंत ठेवायला तयार आहे. सोय होतेय. कागदावर तरी होतेय.

१३ मे, रविवार

मातृदिन. पायपरने शाळेत कार्डं केली. दोन.

२ जून, शनिवार

अर्लीन माझ्या घरी आली. एकटी कधी येत नाही. केक आणला होता. चुळबुळत बसली. मग म्हणाली, "तुझा अहवाल कोर्टात जाणार ना?"

"हो."

"आता झोपेत दचकत नाही ती. वाचायला लागली. रेनाटा, त्या बाईच्या घराचं ते आपोआप बंद होणारं दार बघितलंयस? रात्री दहाला घरी येणार, तोवर पोरगी चर्चच्या तळघरात. मी तुला खोटं लिही म्हणत नाही. फक्त... जे आहे ते जरा जोर देऊन लिही."

"अर्लीन, तिची आई आहे ती."

"माहीत आहे मला!" तिचा आवाज चढला. मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "मी तिच्या केसांच्या गाठी सोडवते, रात्री ती आईचं नाव घेऊन रडते तेव्हा मीच जवळ असते. मला माहीत नाही असं वाटतं तुला?"

मग दोघींनी केक खाल्ला. काय करणार दुसरं?

१८ जून, सोमवार

अहवाल पाठवला. मुलीला आईकडे परत द्यावं अशी शिफारस. जोर कुठेच दिला नाही. कोर्टाने सांगितलेलं सगळं आईने केलं, एकही भेट चुकवली नाही, एकही तपासणी वाईट आली नाही. मुलीला घरातून काढावं लागलं ते आईच्या दोषामुळे नाही, मदत काढून घेतल्यामुळे — हे वाक्य गॉर्डनने वाचलं. वाटलं, खोडायला सांगेल. म्हणाला, "राहू दे. न्यायाधीशांनी वाचू दे एकदा."

क्लेटसला फोन करून सांगितलं. म्हणाला, "बरोबर केलंस." मग फोन ठेवून दिला.

डॅनेलला सांगितलं तेव्हा ती हसली. पहिल्यांदा तिचे दात बघितले. खालच्या खिडकीला नवे पडदे लावायला घेतले होते तिने, पिवळे.

२० जून, बुधवार

उद्या कोर्ट. आज पायपरच्या सामानाची पेटी भरताना अर्लीनला मदत केली. पायपरला सांगितलं, आईकडे जायचं. उड्या मारल्या. मग विचारलं, "आणि वासरू?" क्लेटस म्हणाला, "वासरू इथेच. तू रविवारी ये बघायला." ती म्हणाली, "प्रत्येक रविवारी?" तो गोठ्याकडे निघून गेला.

२१ जून, गुरुवार

न्यायाधीशांनी आदेश वाचायला घेतला होता. डॅनेल उभी राहिली. म्हणाली, "तिला तिथेच राहू द्या. चर्चची बाई काल नाही म्हणाली. आणखी कुणीतरी सापडेल, मग तीही कधीतरी आजारी पडेल. त्यांच्याकडे गाई आहेत. तिथे पहाटे कुणीतरी उठलेलं असतं."